चौकटीतला मासा

मिरकरवाडा, रत्नागिरी
९ मे २००५

कौसर,

सलाम आणि दुआ.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने माझं नाव घेऊन हाक मारली तेव्हा वाटलं, वीजवाल्यांची नोटीस आली. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि मी आधी खाली बसलो. तुझी अम्मा म्हणाली, "उघडा की, चावणार नाही ता."

दर शुक्रवारी तू फोनवर अम्माशी बोलतेस तेव्हा मी पडवीत असतो. ती "हो गो, जेवले ते, खोकला कमी आहे" म्हणते, त्यावरून तू काय विचारलंस ते मला कळतं. पण तू मुंबईला गेल्याला सहा वर्षं होत आली, आणि माझ्या नावाने पत्र हे पहिलंच. म्हणून उत्तर मीच लिहितो आहे. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यात अक्षर मोठं, कागद जास्त लागेल.

तू आपल्या दाराच्या चौकटीबद्दल विचारलंस. चौकट आहे. वरच्या पट्टीवरून खाली उंबऱ्यापर्यंत उतरलेला द्राक्षाचा वेल आणि दोन्ही अंगांना डाळिंबं, सगळं आहे. गलबतांवर नक्षी कोरणाऱ्या एका सुताराने माझ्या आज्यासाठी ती कोरली, गलबताच्या उरलेल्या सागवानातून, एवढंच मी ऐकलं आहे. सुताराचं नाव मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तू लिहितेस की कंपनीचं कार्टूनचं काम संपलं की त्याच कॉम्प्युटरवर तू स्वतःचं मूर्तिकाम करतेस, आणि आता जुन्या चौकटींच्या नक्षीवरून एक मोठं काम करायचं आहे. मूर्ती म्हणजे तू माणसांचे पुतळे करत नाहीस ना? अम्मा म्हणते, वेलबुट्टीच आहे. वेलबुट्टी असेल तर बरं. पण मला कळत नाही, हाताला लागत नाही अशी मूर्ती बसते कशावर? आणि वीज गेली की ती जाते कुठे? इकडे रोज जाते.

ईदला येऊन चौकटीचे फोटो काढणार, तोवर कोणी हात लावू नका, असं तू लिहिलंस. कोण लावतंय? धूळ खूप आहे, तेवढी झटकली तर चालेल का ते कळव. उंबऱ्याजवळ डाव्या बाजूला एक बारीक गोल भोक दिसलं. किडा लागला असणार. त्याचीच काळजी वाटते.

तू गेलीस त्या दिवशी त्याच दारात उभा राहून मी जे बोललो, त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

ईदला नक्की ना?

अब्बा
(सही) मन्सूर


मिरकरवाडा
३ जून २००५

कौसर,

सलाम. तुझं उत्तर नाही. काम असेल. किंवा धूळ झटकण्याचं विचारलं म्हणून रागावली असशील. झटकली नाही. म्हणजे सुक्या फडक्याने, वरवर.

बंदरात आता सगळ्या बोटी वर ओढताहेत. चार दिवसांत मासेमारी बंद होईल. मग खरवडणं, भेगा बुजवणं, रंग. हात थरथरतो म्हणून मला आता कोणी बोलवत नाही, पण मी जाऊन बसतो. उमेर, तुझ्याबरोबर मदरशात होता तो, आता दोन ट्रॉलरचा मालक आहे. मला म्हणाला, "चाचा, तुम्ही नुसते बघत राहा, पोरं नीट काम करतात." म्हणजे मी भुतासारखं उभं राहायचं. त्याच्या ट्रॉलरचा हिरवा ऑइल पेंट अर्धा डबा उरला, तो त्याने मला दिला. कशाला दिला विचारलं तर म्हणतो, "असू द्या, तुम्हाला वास आवडतो."

डबा पडवीत ठेवला आहे. झाकण बंद आहे. अम्मा म्हणते, "तो माझ्या नजरेसमोर नको. तुमचा हात आणि ब्रश, दोघं रिकामे बसले की मला भीती वाटते."

पश्चिमेकडून आभाळ भरून येतं आहे. आपली चौकट समुद्राकडे तोंड करून आहे हे तू विसरली असशील. खारा वारा सरळ तिच्यावर येतो. आजवर तिला काही झालं नाही हे खरं, पण आजवर तिला किडाही लागला नव्हता. समज, तू ईदला आलीस आणि डाळिंबं गळून पडलेली दिसली, तर तू मलाच विचारशील ना, की अब्बा, जन्मभर लोकांच्या होड्या राखल्यात आणि घरचं एक दार राखता आलं नाही? उघड्या लाकडावर पाऊस पडू द्यायचा हे मला कधी जमलेलं नाही. होडी असो नाहीतर पाट.

परवा बँकेत गेलो होतो. नवीन पोरगा आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या लुंगीकडे बघितलं आणि शाईची डबी पुढे सरकवली. मी म्हटलं, "पेन दे." सही केली, नावाखाली रेघही ओढली. तुला हे का लिहितो आहे कोण जाणे. लिहिताना आठवलं.

लवकर उत्तर दे. एक ओळ चालेल.

अब्बा
(सही) मन्सूर


मिरकरवाडा
३० जुलै २००५

कौसर,

अल्लाहचे उपकार, तू सुखरूप आहेस.

टीव्हीवर मुंबईतलं पाणी दाखवत होते आणि तुझा फोन लागत नव्हता. अम्मा जपमाळ घेऊन बसली आणि मी नंबर फिरवत बसलो. परवा लागला. तू "अब्बा?" म्हणालीस. मी काय बोललो ते तुझ्या लक्षात आहेच. "पाणी किती?" बस. तू "कमरेएवढं होतं, उतरलं" म्हणालीस आणि मी रिसीव्हर अम्माकडे दिला. नंतर ती मला म्हणाली, "सहा वर्षांनी बोललात आणि तेही भरती-ओहोटीचं." मला दम लागला होता. बाकी काही नव्हतं.

आता दुसरं. दार फुगलं आहे. उघडत नाही. सध्या सगळे मागच्या दाराने, चुलीकडून ये-जा करतो. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. तुझ्या त्या मशीनला रंगाचं काही वावडं असतं का? म्हणजे नक्षी रंगवलेली असली तर फोटोत येते ना? उलट उठून दिसत असेल असं मला वाटतं.

कौसर, लपवून काय होणार, अम्मा येत्या शुक्रवारी सांगेलच. मी थोडा हात फिरवला आहे. जूनच्या आठ तारखेला वारा असा सुटला की मला बसवेना. अम्मा बाजारात गेली होती. नुसता रंग मारला असता तर टिकला नसता, म्हणून आधी खरवडून घेतलं, भेगांत लांबीचा लगदा भरला, तो अंगठ्याने दाबून सारखा केला, मग प्रायमर, मग रंग. खाली वाकवेना, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात बसून नुसती लांबी अंगठ्याने दाबली आणि रंग न लावता सोडून दिलं. किड्याचं ते भोकही बुजवलं.

मग पाऊस आला. रंग ओला होता, पण पाऊस आत उडेल म्हणून मी दार ओढून घेतलं. सकाळी ते चौकटीला चिकटलेलं. वरून पावसाने फुगलं. आता दोन्ही मिळून घट्ट झालं आहे.

अम्मा आली आणि बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "हे काय करून ठेवलात ओ? आता वर नंबर तेवढा घाला, बंदरखात्याचा." उमेर छत्री घेऊन बघायला आला. "चाचा, इंजिन कधी बसवणार?" सगळे हसले. मीही हसलो. दार दिसतंय मात्र चकचकीत.

तू म्हणाली होतीस, हात लावू नका. ते मी विसरलो नव्हतो. रंग लावताना मनात तेच होतं. पण मला वाटलं, पोरीला काय माहीत लाकडाचं.

ईदला येणार आहेस ना? रद्द केलंस तर अम्माकडे निरोप ठेवू नको, मला लिही.

अब्बा
(सही) मन्सूर


मिरकरवाडा
१० नोव्हेंबर २००५

कौसर,

तू काल गेलीस. घरात तुझ्या कॅमेऱ्याच्या दिव्याचा जळका वास अजून आहे. अम्माने तू झोपलीस ती चादर धुवायला काढली नाही.

तू चार दिवस होतीस आणि मी तुझ्याशी धड बोललो नाही. मासळी, पाऊस, उमेरचे ट्रॉलर, एवढंच. म्हणून लिहितो.

तू आलीस ती दुपार. रिक्षा थांबल्याचं मी ऐकलं. मी पुढच्या खोलीत, दाराला लागूनच बसलो होतो. आठ दिवस आधीपासून मी दाराच्या फटींत पातळ सुरी घालून रंग कापत होतो. बराच सुटला होता. अम्माला मी सांगितलं होतं, ती येईल तेव्हा दार उघडलेलं असेल. नाही उघडलं. तुझी पावलं अंगणात आली आणि चौकटीसमोर थांबली. तू किती वेळ उभी होतीस मला कळलं नाही, मला खूप वाटला. तेव्हा मी आतून ढकलत होतो. खांदा लावून. हे तुला माहीत नाही. हाक मारली असती तर तू बाहेरून ओढलं असतंस, पण माझ्या तोंडातून हाक निघेना. मग तुझी पावलं वळली आणि घराला वळसा घालून चुलीकडे गेली. अम्माचं "आली गो माझी बाय!" ऐकू आलं. मी तिथेच खाली बसलो.

या दारातून बाहेर गेलीस तर याच दारातून परत यायचं नाही, असं मी तुला म्हणालो होतो. तू मागच्या दाराने आलीस. दार चिकटलं म्हणून की मी तसं म्हणालो होतो म्हणून? चार दिवस माझ्या डोक्यात हेच होतं. दार उघडं असतं तर कळलं असतं. आता कधीच कळणार नाही, आणि ते माझ्याच हाताने झालं.

मला वाटलं होतं, तू रंग बघून ओरडशील. मी तयारी केली होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती, किड्याचं, खाऱ्या वाऱ्याचं. तू ओरडली नाहीस. वेलावरून बोट फिरवलंस आणि बोटाकडे बघितलंस. मग दिवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने धरलास. रंगाची चकाकी कॅमेऱ्यात जात होती म्हणून अम्माची चादर बांधलीस. पानांच्या शिरा बुजल्या आहेत हे मलाही तेव्हा दिसलं. दिव्याने दाखवलं. रोज मला त्या चकचकीत दिसत होत्या.

आणि मग तू उंबऱ्याजवळ खाली बसलीस आणि विचारलंस, "अब्बा, मासा कुठे गेला?"

मी म्हणालो, "अम्मा तळतेय की. सरंगा आणलाय तुझ्यासाठी."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं, आता रडशील. पण तू हसलीस. तेच मला जास्त लागलं. मग तू सांगितलंस. खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या दोन पानांच्या मध्ये, करंगळीएवढा मासा कोरलेला होता. किड्याचं म्हणून मी बुजवलं ते भोक त्याचा डोळा. तू लहान असताना मी जेटीवरून परत येईपर्यंत त्या उंबऱ्यावर बसायचीस आणि त्या डोळ्यात करंगळी घालून बघायचीस, अजून मावते का.

कौसर, मी याच घरात जन्मलो. तो मासा मी कधी बघितला नाही. मी नेहमी उंबरा ओलांडून गेलो. खाली बसलो तो गुडघे मोडल्यावर, आणि तेव्हाही बघायला नाही, बुजवायला. आपल्यात जीव कोरत नाहीत, तरी सुताराने वेलबुट्टीत मासा का लपवला असेल? गलबतावरचा माणूस, त्याला राहवलं नसेल. जाणत्या माणसांच्या नजरेला पडू नये आणि पोराबाळांना दिसावा, अशा जागी ठेवला. अम्माला विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत होता. केर काढताना रोज दिसायचा." मला का नाही सांगितलंस विचारलं. "तुम्ही विचारलंत कधी?"

तू गेल्यावर आज सकाळी मी सुई घेऊन बसलो होतो लांबी काढायला. अम्माने हात धरला. म्हणाली, "आता आत जो काही उरला असेल, तोही काढून टाकाल." सुई घेऊन गेली.

तिचं बरोबर आहे. खरवडलं तेव्हाच खवले गेले असणार. मी पत्रा लावून खरवडलं होतं, होडी खरवडतात तसं.

तुझं मोठं काम आता कसं व्हायचं? दुसऱ्या कुणाच्या घरची चौकट बघ. देवरूखकडे जुनी घरं आहेत. उमेरला ओळखी आहेत. मी विचारू का? नको, मी काही विचारत नाही. मी काही करत नाही.

अब्बा
(सही) मन्सूर


मिरकरवाडा
१९ फेब्रुवारी २००६

कौसर,

सलाम.

तुझी गुंडाळी मिळाली. पोस्टात थोडी चेपली होती, पण आतले कागद ठीक आहेत. अम्माने ते जमिनीवर पसरले आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मग आम्ही दोघं म्हातारे त्याभोवती गुडघ्यांवर फिरलो.

आधी मला वाटलं, फोटो आहे. मग कळलं, आपली चौकट आहे पण अशी ती कधी नव्हती. वेल खांबावर थांबतच नाही. खांब सोडून हवेत जातो, वर जाऊन समुद्रातल्या शेवाळासारखा हलतो आहे असं वाटतं. डाळिंबं उललेली आणि प्रत्येक दाणा वेगळा. पुढून, बाजूने, मागून, तिन्हीकडून दाखवलंस. लाकूड नाही, माती नाही, तरी सावली पडली आहे. मी कागदाला हात लावून बघितला. अम्मा म्हणाली, "लावू नका हो, तुमचा हात लागला की काय होतं ते बघितलंय."

खाली डाव्या बाजूला एक मोठा गोल होता. सगळ्या पानांपेक्षा मोठा. त्यावर बारीक रेघा, वाकत वाकत गेलेल्या, एकात एक. मला वाटलं, लाटा आहेत. मग वाटलं, तू मासा आठवून कोरलास आणि हे त्याचे खवले आहेत. मी खूश झालो. म्हटलं, बघ, पोरीने परत आणला. अम्मा बराच वेळ बघत राहिली. मग तिने माझा उजवा हात ओढला आणि अंगठा उलटा करून कागदाशेजारी ठेवला. रेघांच्या मधून एक तिरका वण जातो. खरवडणी लागली होती तरुणपणी, तो. मासा बुजवला त्या लांबीत हाच अंगठा उठला असणार.

ती म्हणाली, "हा तुम्हीच आहात."

मी उठून पडवीत गेलो. तुला खरं सांगतो, मला आधी वाईट वाटलं. सगळ्या मुंबईसमोर तू माझा अंगठा मांडलास. मी चौथी शिकलो आहे. कुठल्याही कागदावर आजवर मी अंगठा लावलेला नाही. लोक विचारतील, हा कोणाचा, आणि मनात म्हणतील, बाप अंगठेबहाद्दर दिसतो. दोन दिवस मी त्या कागदांकडे गेलो नाही.

कागदाच्या मागे तू लिहिलेलं अम्माने मला वाचून दाखवलं, मीही एकदा वाचलं. "मासा आठवतो तसा करून बघितला. जमला. पण खोटा वाटला. त्या जागी आता जे आहे ते ठेवलं. प्रदर्शन मार्चमध्ये. अब्बा, अम्माला घेऊन या."

अम्मा, अब्बांना घेऊन ये असं नाही. अब्बा, अम्माला घेऊन या. मी ते पुन्हा बघितलं, तसंच आहे.

तू तो रागाने ठेवलास का, हे मला विचारायचं होतं. नाही विचारत. रागाने ठेवला असशील तरी माझं काही म्हणणं नाही. एका रेघेवर तू किती वेळ घालवला असशील ते मला दिसतं. इतका वेळ माझ्या हाताकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. मासा मात्र गेला तो गेला. तो तुझ्या करंगळीला माहीत आहे, अम्माच्या केरसुणीला माहीत आहे. मला कधीच असणार नाही.

आता दाराचं. थंडीत लाकूड आटलं. गेल्या आठवड्यात उमेरने त्याचा सुतार पाठवला. त्याने दार उतरवलं, कडेने रंधा मारला, परत बसवलं. आता बोटाने ढकललं तरी उघडतं. कडेचा रंग निघाला आणि सागवानाचा हातभर लांब पट्टा उघडा पडला आहे. पावसाळा येईल. मी त्याला हात लावलेला नाही. अम्मा विश्वास ठेवत नाही, रोज जाऊन बघते.

मी त्या दिवशी त्या दारात जे बोललो ते मी मागे घेतो. हे लिहायला मला सहा वर्षं आणि इतके कागद लागले. तोंडाने सांगायला हवं होतं, तू चार दिवस समोर होतीस.

प्रदर्शनाला आम्ही येऊ. घर कोणाच्या भरवशावर टाकायचं याची मला काळजी आहे, पण अम्मा म्हणते, "चोर आला तर हिरवा रंग बघूनच चुकून होडीवर चढलो असं समजून पळेल." तिथे कोणी विचारलं हा अंगठा कोणाचा, तर तू सांगू नको. मी सांगेन. आणि परतताना तुला सुट्टी मिळत असेल तर आमच्याबरोबर ये. समोरून ये. आतून कोणी ढकलायची गरज नाही, तरी मी आधी पुढे जाऊन आत उभा राहीन.

उमेरचा डबा उद्या परत देणार आहे. आज शेवटचा उघडला. वर जाड साय धरली होती, खाली अजून ओला रंग होता. खाली नेहमीप्रमाणे सही केली आहे. शेजारी अंगठा लावला आहे. दाबताना थरथरला, म्हणून एक कड फिसकटली, वण मात्र नीट उठला आहे.

पाकीट लगेच बंद करत नाही. रंग पुरता सुकू दे.

अब्बा
(सही) मन्सूर